अक्रोडाचा घास

आजींनी भिंगरीची ताटली उचलली, नाकाशी नेली आणि डोळे मिटून हुंगली...

ताटलीत होतं तरी काय? मऊ भात, उकडलेला बटाटा, गाजराच्या चकत्या. पण आजींनी चमच्याने भात उपसून पाहिला, बटाटा फोडून पाहिला, एक चकती स्वतःच्या जिभेवर ठेवून घोळवली, आणि मग कैद्याला जामीन मिळावा तशी ती ताटली नातीसमोर सरकवली.

"जेव गं बाळा. आज मी आहे ना, भिऊ नकोस."

आज मी आहे! म्हणजे एरवी हे लेकरू भीतभीतच जेवतं, असंच ना? टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या मावशीने हातातलं फडकं इतकं घट्ट पिळलं, की कोरड्या फडक्यातूनही पाणी निघावं!

"आजी, मी पोलीस चौकीत जेवते का गं?" भिंगरीने विचारलं आणि स्वतःच्याच विनोदावर खुदकन हसली. तिचे बाबाही हसले, पण सासूबाईंचा चेहरा पाहून ते हसू त्यांनी घासाबरोबर गिळून टाकलं.

मावशी ही काही भिंगरीची सख्खी मावशी नव्हती. भिंगरी तीन वर्षांची असताना तिची आई गेली. पुढे बाबांनी दुसरं लग्न केलं, तेव्हा 'आई' या शब्दावरचं दुःख अजून ओलं आहे हे ओळखून नव्या बाईने स्वतःच त्या चिमुरडीला जवळ घेऊन सांगितलं होतं, "मला मावशी म्हण हं." भिंगरीने म्हटलं, आणि म्हणता म्हणता तिच्या गळ्यातच पडली! मावशी एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करी. केसाएवढी चूकही तिथे चालत नसे, आणि तो काटेकोरपणा तिच्या बोटांतून सगळ्या घरात उतरला होता. भिंगरीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करत. आज या इमारतीच्या लिफ्टच्या बोगद्यात, तर उद्या त्या इमारतीच्या. आणि दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या आजी, म्हणजे गेलेल्या पहिल्या बायकोच्या आई, दर रविवारी नातीला भेटायला येत. त्या ऑर्डरप्रमाणे केक करून देत. सगळ्या वस्तीत 'केकवाल्या आजी' म्हणून त्यांचं नाव होतं, आणि त्यांचा अक्रोडाचा केक ज्याने एकदा खाल्ला, तो दुसऱ्यांदा ऑर्डर दिल्याशिवाय राहत नसे.

आणि नियतीचा खेळ असा, की त्यांच्या एकुलत्या एका नातीला दाणा म्हणजे साक्षात विष होतं!

मावशी या घरात आली त्याच वर्षी ते पहिल्यांदा कळलं. शाळेतल्या मैत्रिणीने शेंगदाण्याच्या चिक्कीचा एवढासा तुकडा दिला, आणि घटकाभरात पोरीचा चेहरा सुजून डोळे दिसेनासे झाले. दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली होती, "पूर्वी असं मूल वर्षातून एखादं यायचं. आता आठवडा रिकामा जात नाही. दूध, अंडं, गहू, दाणे... कुणाला काय बाधेल सांगता येत नाही. का वाढलंय, ते आम्हालाही धड ठाऊक नाही. पण हिच्याबाबतीत एक नक्की. शेंगदाणा नाही, काजू-बदाम-अक्रोड काहीही नाही. कणभरही नाही." भिंगरीच्या वर्गातच अशी आणखी तिघं निघाली. शाळेने त्यांच्यासाठी डबा खायचं वेगळं टेबल मांडलं. त्या टेबलाला मुलांनी नाव ठेवलं 'काचेची माणसं'.

काचेची माणसं! ते ऐकून मावशीच्या काळजाचं पाणी पाणी झालं होतं. काच हातात धरायची तर किती जपून, हे तिच्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार? त्या दिवसापासून भीती तिच्या अंगाला सावलीसारखी चिकटली. बाजारात पाकीट उचललं की आधी त्याची मागची बाजू. कुणी भिंगरीचा गालगुच्चा घेतला की आधी त्याच्या बोटांकडे लक्ष. तिला स्वतःला दाणे जिवापाड आवडत. पण आपल्या ओठांवरचा कणसुद्धा पोरीच्या पाप्याबरोबर जाईल या धास्तीने तिने ते कायमचे सोडले. कमरेला एक छोटी कापडी पिशवी अष्टौप्रहर असे, आणि त्यात पेनासारखी दिसणारी दोन इंजेक्शनं. वेळ आलीच तर टोपी काढायची, जाड टोक मांडीवर दाबायचं, आणि देवाचा धावा करत दवाखाना गाठायचा!

आजींना मात्र यातलं काही पटत नसे. "आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं," त्या शेजारणीला सांगत, अगदी मावशीला ऐकू जाईल अशा बेताने. "माझ्या लेकीने अक्रोडाच्या केकवर दिवस काढले. तिची पोर, आणि तिला दाणा बाधतो? सगळं सगळं तोडून टाकलंय लेकराचं. सख्खी असती तर जीव तुटला असता!"

तर त्या रविवारी भिंगरीने दोन घास खाल्ले, तिसरा तोंडाशी नेला, आणि चमचा तसाच हवेत थांबला.

"मावशी... माझ्या जिभेला मुंग्या आल्यात."

मावशीच्या हातातलं फडकं गळून पडलं.

"आणि गळ्यात काहीतरी बसलंय..." भिंगरी खाकरली, पुन्हा खाकरली. तिच्या हनुवटीखाली लाल चट्टे पाहता पाहता उमटू लागले. डोळ्यांत विलक्षण भय! लहान मुलाच्या डोळ्यांत जे कधीही असू नये, ते मोठ्या माणसाचं भय...

"काय घातलंस? काय घातलंस तू त्यात?" आजी किंचाळल्या.

मावशीला ते ऐकूच आलं नाही. तिने भिंगरीला जमिनीवर आडवं केलं, पिशवीतून पेन काढलं आणि फ्रॉकवरूनच मांडीत दाबून धरलं. पोर कळवळली. "संपलं माझं बाळ, संपलं हं... पाय वर धरा तिचे! अहो, गाडी बोलवा, असे बघत काय राहिलात!" ती भिंगरीच्या तोंडाशी कान नेऊन श्वास ऐकू लागली. आणि त्या श्वासाला एक वास होता. गोडसर, तुरट, भाजलेला... भात-बटाट्याचा नव्हे. तिने भिंगरीची घट्ट मिटलेली मूठ उघडली, फ्रॉकच्या खिशात बोटं घातली. खिशात चिकट, तपकिरी भुगा होता, आणि त्यात नखाएवढा अक्रोडाचा कण!

जेवणाआधी आजी आणि नात गॅलरीत बसून कुजबुजत होत्या. "आमचं गुपित आहे," म्हणून भिंगरी टाळ्या पिटत आत आली होती...

मावशीने मूठ मिटली. तो कण तिच्या तळव्याला निखाऱ्यासारखा पोळत राहिला.

दवाखान्यात पोरीला आत नेलं. बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात तिघंच उरली. आजी बाकावर बसल्या होत्या. भिंगरीचा एक सँडल त्यांच्या मांडीवर होता आणि त्या तो पुन्हा पुन्हा पुसत होत्या. ओठ पांढरे पडले होते. मावशी त्यांच्याजवळ गेली. मनात नुसता आगडोंब उसळला होता! विचारावं, ओरडून विचारावं, 'काय भरवलंत तिला?'... पण जवळ जाताच तिला त्यांचं पुटपुटणं ऐकू आलं.

"तेव्हाही मीच म्हटलं होतं... झोप थोडी, बरं वाटेल. दवाखाना कशाला, म्हटलं होतं मीच..."

मावशीचे पाय जागच्या जागी खिळले. भिंगरीची आई कशी गेली, ते तिला नवऱ्याने सांगितलं होतं. माहेरी गेली असता डोकं दुखतंय म्हणून आडवी झाली. आईने कपाळावर हात फिरवला, म्हणाली झोप. लेक झोपली, आणि उठलीच नाही! त्या दिवसापासून ही म्हातारी त्या एका वाक्याचा काटा काळजात घेऊन जगत होती. आणि आज तिला सांगायचं, की नातीलाही तुम्हीच...? ज्या हाताने लेकीला थोपटून निजवलं, त्याच हाताने...? मरेल ही! इथल्या इथे, या बाकावर प्राण सोडेल!

तेवढ्यात डॉक्टरीण बाहेर आली. "श्वास मोकळा झालाय. आज रात्री इथेच ठेवू. पण मला खरं सांगा, तिच्या पोटात काय गेलं?"

आजींनी मान वर केली. त्यांच्या नजरेत काहीतरी फडफडलं, जाळ्यात सापडलेल्या पाखरासारखं.

"अक्रोड," मावशी म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "माझ्याकडून गेला. मी... पाकीट नीट वाचलं नाही."

आजींच्या छातीतून एक दीर्घ सुस्कारा निघाला. सुटकेचा होता की संतापाचा, देव जाणे! त्या ताडकन उभ्या राहिल्या.

"ऐकलंत? ऐकलंत जावईबापू? मी कानी-कपाळी ओरडत होते, सावत्र ती सावत्रच! माझी लेक असती तर डोळ्यांत तेल घालून..." पुढचं रडण्यात बुडून गेलं.

मावशीला त्या शब्दांचं काहीच वाटलं नाही. ती नवऱ्याकडे पाहत होती. तो तिला दोन वर्षं ओळखत होता; दाण्याची सालपटं दिसली म्हणून बागेतल्या बाकावरूनसुद्धा पोरीला उठवणारी बाई पाकीट न वाचता काही शिजवील, यावर तो कसा विश्वास ठेवील? तो म्हणेल, 'शक्य नाही'. एकदाच म्हणेल...

"माझा तुझ्यावर विश्वास नाही असं नाही," तो हळूच म्हणाला. "पण..."

त्या एका अक्षरजोडीने मावशीच्या अंतःकरणाचे दोन तुकडे झाले.

भिंगरीला घरी सोडलं, ते आजींच्या घरी. "थोडे दिवस तिथे राहू दे," बाबा म्हणाले, जमिनीकडे बघत. "म्हातारीचंही मन शांत होईल. तूही जरा... विश्रांती घे." मावशीने पोरीचे कपडे भरले. भिंगरीने तिचा गळा घट्ट धरून कानात सांगितलं, "मावशी, मी एक गुपित सांगू? तुझी चूक नव्हती. आजीने मला केकचा अर्धा तुकडा दिला होता. ती म्हणाली, अक्रोड झाडावर येतो, शेंगदाणा मातीत, मग कसा बाधेल? आणि म्हणाली, तुझ्या आईला आवडायचा."

मावशीचे डोळे भरून आले. "आजीवर रागवायचं नाही हं. तिला आईची आठवण येते ना. पण आता कुणीही काही दिलं तरी खायचं नाही. अगदी आजीनेसुद्धा. आधी विचारायचं, यात काय आहे?"

"तू सांगत का नाहीस बाबांना?"

मावशीने त्या इवल्या कपाळाचा मुका घेतला.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः आजींच्या दारात गेली. हातात नवीकोरी भांडी होती. एक कढई, दोन पातेली, चमचे, किसणी. "हिच्यासाठी यातच करा. तुमच्या भांड्यांना इतकी वर्षं दाण्यांची, अक्रोडाची सवय आहे. धुतलं तरी फटीत राहतं. आणि हे नवीन आणलेलं इंजेक्शन. हे असं धरायचं, हे टोक..."

"मला शिकवतेस?" आजींचा स्वर सुरीसारखा होता. "लेक वाढवली मी. पेन टेबलावर ठेव आणि जा." दार लावण्यापूर्वी मात्र त्या घुटमळल्या. मावशीच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, काही विचारावंसं वाटल्यासारखं. मग दार लागलंच.

त्यानंतरचे दिवस मावशीने कसे काढले, ते तिचं तिलाच ठाऊक! दुकानात ती काच घासायला घेई आणि घासत घासत इतकी पातळ करी, की चष्मेवाले काका म्हणत, "अहो बाई, माणसाला दिसायला हवंय. हवेचा चष्मा नकोय!" ती ओशाळून हसे. पण कानात सारखं एकच... जिभेला मुंग्या आल्यात, मावशी, जिभेला मुंग्या आल्यात. एखादा फोन वाजला तरी ती हातातलं काम टाकून उठे. घरी गेलं की भिंगरीची ताटली एकटीच फडताळात उभी. नवरा आणि ती एका टेबलावर जेवत, आणि दोघांच्या मध्ये ते 'पण' तिसऱ्या माणसासारखं बसलेलं असे.

आणि मग तिच्या मनात एक वेगळंच भय डोकं वर काढू लागलं. आपण गप्प बसलो, ते कुणासाठी? म्हातारीचं मन जपण्यासाठी. त्यात कुठेतरी आपल्या थोरपणाचाही गोडवा होता का? पण ज्या स्वयंपाकघराच्या भिंतींनासुद्धा अक्रोडाचा वास आहे, त्याच स्वयंपाकघरात आपण पोरीला जाऊ दिलं. 'माझी चूक' म्हणून मोकळे झालो, आणि खरी चूक जिथल्या तिथे राहिली! हा त्याग म्हणायचा, की भित्रेपणा? आज सांगू, उद्या सांगू... आज यांना सांगते, म्हणून ती सकाळी ठरवे, आणि नवरा समोर आला की त्या बाकावर सँडल पुसणारी म्हातारी डोळ्यांपुढे उभी राही.

एका दुपारी दुकानातला फोन वाजला. काकांनी घेतला, आणि त्यांचा चेहरा पाहूनच मावशी उठून उभी राहिली.

"मावशी..." पलीकडून आवाज आला. भिंगरीचा होता, पण घोगरा, घुसमटलेला. "आजी रडतेय. आजीच्या बोटाला टोचलं. मला... मला श्वास..."

मावशी धावली! घासायच्या यंत्राचा पट्टा तसाच फिरत राहिला, पायातली एक चप्पल दुकानाच्या पायरीवरच राहिली. भर दुपारचा रस्ता, माणसं, हातगाड्या, सायकली, कुणाचा तरी खांदा, कुणाची तरी शिवी... तिला काही दिसत नव्हतं. एक हात कमरेच्या पिशवीवर गच्च. पोर घरात नसतानाही ती पिशवी तिने एक दिवस सोडली नव्हती. सवय म्हणा, वेड म्हणा, पिशवी कमरेला असली म्हणजे भिंगरी आपलीच आहे, असं तिला वाटे. देवा, एवढा जिना... एवढाच जिना... माझा श्वास घे, पण तिचा थांबवू नकोस रे!

दार सताड उघडं होतं. स्वयंपाकघराच्या फरशीवर भिंगरी भिंतीला टेकून बसली होती. ओठ निळसर, चेहरा ओळखू न येण्याइतका सुजलेला, आणि प्रत्येक श्वासाला बारीक शिट्टीसारखा आवाज. शेजारी आजी गुडघ्यांवर पडल्या होत्या. वापरलेलं पेन फरशीवर गडगडत गेलेलं, आणि आजींचा अंगठा मेणासारखा पांढरा! घाबरलेल्या हातांनी त्यांनी पेन उलटं धरलं होतं. सुई नातीच्या मांडीत जायच्या ऐवजी त्यांच्याच अंगठ्यात गेली होती. औषध वाया गेलं होतं.

"मी नाही काही दिलं गं! नुसतं केळं-दूध... मिक्सर दोनदा धुतला होता मी, दोनदा धुतला होता..."

मावशीने पिशवीतून दुसरं पेन काढलं. पहिल्या वेळी या ओठांवर हा निळा रंग नव्हता. तिने दात आवळले आणि जाड टोक मांडीवर दाबलं. दाबून धरलं. "माझ्याकडे बघ भिंगरी. माझ्याकडे! डोळे मिटायचे नाहीत. मावशी आलीय ना? बघ, मी एकच चप्पल घालून आलेय. हसलीस ना, तर मी..." भिंगरी हसली नाही. तिची मान हळूहळू मावशीच्या दंडावर कलंडली...

शेजारच्यांनी गाडी बोलावली होती. रस्ताभर मावशी पोरीच्या छातीवर कान ठेवून बसली. शिट्टी वाजते आहे, वाजते आहे... वाजत राहू दे! दवाखान्याच्या दारात ती शिट्टी एकदा थांबली. मावशीच्या तोंडून जी किंकाळी निघाली, तिने आत झोपलेले रोगीसुद्धा उठून बसले. आतल्या माणसांनी पोरीला तिच्या हातांतून अक्षरशः ओढून नेलं, आणि दार बंद झालं.

त्या बंद दारासमोर किती वेळ गेला, ते तिला सांगता आलं नसतं. बाबा कुठल्याशा इमारतीच्या लिफ्टच्या बोगद्यात होते, त्यांना निरोप पोचायला वेळ लागला. तेलाने माखलेल्या हातांनी ते धावत आले, तेव्हाच दार उघडलं.

"वाचली," डॉक्टरीण म्हणाली. ती स्वतःही घामाने भिजली होती. "दुसरं पेन आणखी थोडं उशिरा मिळालं असतं, तर मी इथे हे सांगायला उभी नसते."

मावशी जागच्या जागी खाली बसली.

"डॉक्टर," मागून आजींचा आवाज आला. अंगठ्याला पट्टी बांधून त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवलं होतं. केस विस्कटलेले, नजर मात्र विलक्षण स्थिर. "त्या मिक्सरमध्ये सकाळी मी अक्रोड दळला होता. ऑर्डर होती. दोनदा धुऊनसुद्धा... एवढ्याने होतं का?"

"झाकणाच्या रबरात, पात्याखाली राहतो कण. तेवढा पुरतो."

"मग अर्धा तुकडा केक दिला तर?"

उत्तराची वाट न पाहता आजींनी मान वळवून मावशीकडे पाहिलं.

"तुझ्या घरात अक्रोड कधी नव्हताच. खरं ना?"

मावशीने मान खाली घातली.

"बोल ना गं! नव्हताच ना?"

"नव्हता."

"आई... म्हणजे काय?" बाबा गोंधळून दोघींकडे पाहू लागले.

"म्हणजे असं, जावईबापू, की त्या रविवारी गॅलरीत मी भरवला तिला केक. याच हाताने! आणि या बाईने सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. मी त्याच क्षणी ओळखलं होतं हो... ही 'अक्रोड' म्हणाली तेव्हाच. पण मला ते खोटं इतकं हवं होतं, इतकं हवं होतं, की मी ते खरं मानलं. वर हिलाच सावत्र म्हणाले!" त्यांचा धीर सुटला. "का गं? का बोलली नाहीस? मी तुला काय सुख दिलं होतं, म्हणून एवढी दया?"

मावशी कशीबशी उठली, त्यांच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. "दया नव्हती आई. त्या बाकावर तुम्ही पुटपुटत होता... झोप म्हटलं होतं मीच, म्हणून. ते ऐकवलं नाही मला. पण मी चुकले. तुम्हाला वाचवायला गेले, आणि भिंगरीला त्या मिक्सरपाशी सोडून आले. मी तेव्हाच बोलले असते, तर आज हा दिवस आला नसता. मला माफ करा."

"तू माफी मागतेस? तू?" आजींनी तिचं डोकं छातीशी ओढून घेतलं आणि लहान मुलासारख्या हमसून हमसून रडू लागल्या. "माझी एक लेक मी झोपवून घालवली. दुसरीला मी दारातून हाकललं... मरण का येत नाही गं मला?"

"मरायचं नाही. भिंगरीला दोन माणसं लागतात," मावशी डोळे पुसत म्हणाली. "एकटीने होत नाही मला. खरंच होत नाही... मला फार भीती वाटते हो आई!"

हे वाक्य तिने आजवर कुणालाच ऐकवलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. भिंतीशी उभ्या असलेल्या नवऱ्याने ते ऐकलं, आणि त्याचा चेहरा एकाएकी म्हातारा दिसू लागला. तो पुढे आला. त्याला खूप काही म्हणायचं होतं, पण तेलकट हात स्वतःच्या शर्टाला पुसत तो एवढंच म्हणाला, "त्या दिवशी मी 'पण' म्हणालो. म्हणायला नको होतं."

"नको होतं," मावशी म्हणाली. तिने त्याला लगेच माफ केलं नाही. पण थोडं सरकून त्याला शेजारी बसायला जागा करून दिली.

नर्स कोमट पाण्याचं भांडं घेऊन आली. त्या औषधाने आजींच्या अंगठ्यातलं रक्त अजून नीट वाहत नव्हतं, तो पाण्यात बुडवून ठेवायला हवा होता. मावशीने भांडं स्वतःच्या मांडीवर घेतलं, पट्टी सोडली, आणि तो पांढरा, गार अंगठा पाण्यात धरून हळूहळू चोळू लागली. काचा घासणारी तिची बोटं खरबरीत होती.

"डॉक्टरीणबाईंकडे सुईविना पेन असतं म्हणे, शिकायला," आजी म्हणाल्या.

"असतं."

"मागून घे. हात बरा झाला की रोज शिकव मला. चुकले तर ओरड. माझ्या वयाकडे बघू नकोस."

"ओरडेन."

"आणि माझं स्वयंपाकघर रिकामं करायचंय. मिक्सर, साचे, सगळं. आता केक नकोत."

"केक करा ना," मावशी म्हणाली. "अक्रोडाशिवाय करा. भिंगरीने अजून तुमचा केक धड खाल्लाच नाही."

पाण्यातल्या अंगठ्यावर हळूहळू, अगदी हळूहळू गुलाबी रंग परतू लागला होता. तेवढ्यात आतून नर्सने हाक दिली. पोर जागी झाली होती, पण घसा सुजल्यामुळे आवाज फुटत नव्हता, नुसती बोटाने खूण करून कुणाला तरी बोलावत होती.

"आधी आई, तुम्ही जा," मावशी म्हणाली.

"छे! ती तुला बोलावतेय."

शेवटी दोघीही गेल्या. भिंगरीच्या पलंगाशी, एक या बाजूला, एक त्या बाजूला. नर्स भिंगरीसाठी वाटीत पातळ पेज घेऊन आली. मावशीने सवयीने वाटीकडे हात नेला, पण आजींनी ती आधी घेतली. हुंगली नाही, ढवळून पाहिली नाही. त्यांनी नर्सकडे वळून भीत भीत, शाळेत पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या मुलीसारखं विचारलं, "बाई, यात काय काय आहे?"

नर्सने सांगितलं. आजींनी ते सगळं लक्ष देऊन ऐकलं, आणि मग वाटी मावशीच्या हातात दिली.

"चालेल ना गं, लेकी?"